गेम खेळून जाळले

दुकानातल्या पोराने पावतीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘कस्टमरने गेम खेळून ग्राफिक्स कार्ड जाळले’ आणि खाली माझी सही घेतली. मीही मुकाट केली. बेचाळिसाव्या वर्षी, सांगलीत, भर गणपती पेठेत.

मुळात मी गेम खेळतच नव्हतो. तो मेन्यूवर सोडून चहा टाकायला आत गेलो होतो. परत येतो तर स्क्रीन काळी, खोलीत जळका वास. आरटीएक्स ३०९०, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरची चित्रं काढणारं, चांगलं ३५० वॉट खाणारं कार्ड; लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला घेतलेलं. (बायकोला तरी तसंच सांगितलंय.)

"मेन्यूवर कुठं कार्ड जळतंय व्हय सर? चार बटणं तर असत्यात."

मी त्याला २०२१ची गोष्ट सांगितली. ‘न्यू वर्ल्ड’ गेमच्या बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, अशीच ३०९० मॉडेलची कार्डं मेली. मेन्यूत फ्रेमला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची याला, लगामच नव्हता. पुढे कार्डं बनवणाऱ्या कंपनीनेच कबूल केलं की सोल्डरिंग कच्चं होतं. पोर माझ्याकडे, चोर पुराणातले दाखले देतोय, अशा नजरेने बघत होतं.

बाकड्यावर एक काका मांडीवर प्रिंटर घेऊन बसले होते, नातवाला धरावं तसा.

"मी बोलू का मधी? नांगर जमिनीत हाय तवर ट्रॅक्टर दबून चालतंय. नांगर उचलून रेस दिली की बोंबलतंय. ह्यांच्या मेन्यूत नांगर उचललेला."

मी थक्क. हे मला अर्ध्या तासात सांगता आलं नव्हतं.

"पर ट्रॅक्टरला गव्हर्नर असतोय. कितीबी दाबा, ठरल्यापेक्षा जास्त फिरत न्हाई. ह्याला न्हाई?"

"आहे ना काका! तापलं की कार्ड आपोआप वेग कमी करतं. विजेलाही मर्यादा असते."

"मग जळलं कसं?"

"तेच तर! खोट कार्डातच."

"मग गेमचं नाव कशापायी लिवलंय रं?"

त्यांना मिठी मारावी असं वाटलं. मध्ये प्रिंटर होता म्हणून राहिलं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"पर तुमीबी च्या करायला गेलाच कशाला? चालू इंजान सोडून कोन जातंय?"

मग जावयाच्या मळणी मशीनची कथा. जावई तंबाखू मळायला बांधावर गेला, पट्टा तुटला, शेजाऱ्याची म्हैस बुजली, ती तीन दिवसांनी मिरजेत सापडली. म्हैस सापडेपर्यंत पोराने पावतीवर दुसरी ओळ घातली होती: ‘चालू सोडून गेले.’

पुन्हा सही.

"साक्षीदार लागतोय काय?" काकांनी पेन मागितलं.

आता वॉरंटीवाले ती पावती बघून म्हणतात, ग्राहकाची चूक. अहो, सॉफ्टवेअरने नुसतं काम मागितलं तर जळणारं कार्ड विकता कशाला? एवढ्या पैशात सेकंडहँड बुलेट आली असती. तिकडे नवरीचे वडील रोज विचारतात, मंगलाष्टकं कधी देताय.

काल दुकानात पुन्हा फोन लावला. नाव सांगितलं, पावती नंबर सांगितला.

"हां हां," पोरगं म्हणालं, "च्यावाले ना तुमी?"