ब्राइस यंगवरून भांडताय, जरा त्याच्यापुढे उभ्या असलेल्या गार्डांकडेही बघा

२०२६ च्या जानेवारीत प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, रॅम्सकडून ३४-३१ ने हरलो, त्या रात्री आमच्या शार्लटच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. विषय एकच, ब्राइस यंग. एक गट म्हणतो पोरगा तयार झालाय, पैसे मोजा आणि मोकळे व्हा. दुसरा गट म्हणतो तीन वर्षं झाली, आता अजून कसली वाट बघताय? तिथे टाइप करून करून अंगठे दुखायला लागले, म्हणून एकदाच इथे सविस्तर लिहिते. लिंक ग्रुपवर टाकणार आहे. अण्णा, पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. हा अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला. आमची टीम कॅरोलिना पँथर्स. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीच्या सुरुवातीला ज्याच्या हातात चेंडू येतो तो. पासची चाल असेल तर त्याला दोन-अडीच सेकंदांत समोरचा बचाव वाचून कोणाकडे फेकायचं ते ठरवायचं असतं, आणि तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोचे चार-पाच बाप्ये त्याला आडवा करायला धावत येतात. आडवा केला की तो सॅक. मैदानात अकरा जण असतात, पण जिंकले तरी क्वार्टरबॅकमुळे आणि हरले तरी क्वार्टरबॅकमुळे, असा इथला हिशेब.

या पोरासाठी आमच्या क्लबने घरदार विकलं असं म्हटलं तरी चालेल. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (नवीन खेळाडू क्लब पाळीपाळीने निवडतात तो, तळाची टीम आधी) पहिला नंबर मिळावा म्हणून शिकागोला काय काय दिलं बघा: त्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड, दुसऱ्या फेरीची एक, २०२४ ची पहिल्या फेरीची, २०२५ ची दुसऱ्या फेरीची, आणि वर आपला सगळ्यात चांगला रिसीव्हर डीजे मूर. म्हणजे पोराला आणलं आणि ज्याच्याकडे चेंडू फेकायचा त्यालाच विकलं. त्या हंगामात आम्ही १७ पैकी १५ सामने हरलो, लीगमध्ये तळाला गेलो, आणि त्यामुळे शिकागोला दिलेली पुढच्या वर्षीची निवड नेमकी पहिल्या नंबरची निघाली. त्यांनी त्यातून केलेब विल्यम्स घेतला. आपल्या हरण्याने दुसऱ्याला क्वार्टरबॅक मिळवून दिला!

आणि मग स्ट्राउड. २०२३ च्या त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर ह्यूस्टनने सीजे स्ट्राउडला उचललं. त्याने पहिल्याच वर्षी पासचे चार हजारांवर यार्ड, २३ टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) आणि फक्त ५ इंटरसेप्शन (समोरच्यांनी मध्येच पकडलेले पास) असा हंगाम केला. आमच्या यंगचे ११ टचडाउन, १० इंटरसेप्शन आणि ६२ सॅक. बासष्ट! तेव्हापासून ग्रुपवर कुणी "शुभ सकाळ" टाकलं तरी खाली अण्णांचं उत्तर, "स्ट्राउडला घेतला असता तर सकाळ शुभ झाली असती." (त्या हंगामातल्या आपल्या दोन विजयांपैकी एक स्ट्राउडच्याच ह्यूस्टनविरुद्ध होता, १५-१३. याची मी अण्णांना आठवण करून दिली की ते विषय बदलतात.)

पण पुढच्या वर्षी याच स्ट्राउडचं काय झालं? २०२४ मध्ये त्याच्यापुढची फळी, म्हणजे त्याला वाचवणारे पाच जण, ढासळली, त्याला ५२ वेळा सॅक केलं, टचडाउन २० वर आले आणि इंटरसेप्शन १२ वर गेले. ह्यूस्टनने आक्रमणाच्या प्रशिक्षकाला नारळ दिला. हात तोच, डोकं तेच, पोरगा तोच. समोरची माणसं कोसळली, एवढंच.

इथे माझा मुद्दा येतो. माझा मुलगा शाळेच्या टीममध्ये गार्ड खेळतो. घरात तूप-भात खाऊन चांगला आडवा वाढलाय, कोचने बघताक्षणी तिथे उभं केलं. तेव्हापासून चेंडूकडे बघायची माझी सवय सुटली. चेंडू मध्यभागी असलेल्या सेंटरच्या पायांमधून मागे जातो, सेंटरच्या डावी-उजवीकडे एकेक गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. या पाच जणांचं काम एकच, क्वार्टरबॅकला दोन-अडीच सेकंद जगू देणं. त्यांचं नाव कोणी घेत नाही. रेफ्री माइकवर येऊन यांचा नंबर पुकारतो तेव्हा समजायचं की होल्डिंग झालं, दहा यार्ड मागे. आई म्हणून स्टँडमध्ये बसून पोराचा नंबर ऐकू येऊ नये अशी प्रार्थना करणं हा एक वेगळाच अनुभव आहे.

यंग ५ फूट १० इंच. क्वार्टरबॅकच्या मानाने बुटका. (आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही, गावस्कर आणि सचिन बघूनच आपण मोठे झालो. इथे मात्र ड्राफ्टच्या आधी इंचाइंचावर चर्चासत्रं भरतात.) उंच क्वार्टरबॅकला कडेने दबाव आला तर त्रास होतो, पण तो पुढे सरकून वाट काढू शकतो. बुटक्याला खरी भीती मधल्या दबावाची. गार्ड मागे ढकलला जाऊन मांडीवर येऊन बसला की त्याला समोरचं दिसतच नाही, पुढे सरकायलाही जागा उरत नाही, मग तो मागे मागे पळतो आणि पंधरा यार्डांवर जाऊन पडतो. न्यू ऑर्लिन्सवाल्यांना हे कळलं होतं. ड्रू ब्रीझही ठेंगणाच, जेमतेम सहा फूट, म्हणून त्यांनी जारी एव्हान्स आणि कार्ल निक्ससारखे गार्ड त्याच्यापुढे उभे केले आणि त्याच संघाने सुपर बोल जिंकला.

आम्ही २०२३ मध्ये काय केलं? आमच्या गार्डांपैकी ऑस्टिन कॉर्बेट गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता, ब्रॅडी क्रिस्टेन्सन पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, आणि मग कधी हा कधी तो असं करत सगळा हंगाम काढला. वर चाली कोण सांगणार हेही ठरत नव्हतं. मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइखने ते काम हाताखालच्या थॉमस ब्राउनला दिलं, मग परत स्वतःकडे घेतलं, आणि ११ सामन्यांनंतर मालक डेव्हिड टेपर यांनी राइखलाच घरी पाठवलं. शेवटच्या दोन सामन्यांत मिळून आम्ही शून्य गुण केले. त्यातल्या पहिल्यात टेपर साहेबांनी समोरच्या टीमच्या प्रेक्षकांवर हातातलं पेय फेकलं आणि तीन लाख डॉलरचा दंड भरला. असल्या घरात बावीस वर्षांच्या पोराची प्रगती का होईना म्हणून विचारता?

२०२४ च्या मार्चमध्ये नवीन प्रशिक्षक डेव्ह कनालेस आणि जनरल मॅनेजर डॅन मॉर्गन यांनी पहिलं काम केलं ते दोन गार्ड आणण्याचं. रॉबर्ट हंट, पाच वर्षं दहा कोटी डॉलर. डेमियन लुईस, चार वर्षं पाच कोटींच्या वर. गार्डला एवढे पैसे? ग्रुपवर हशा पिकला होता, मी मात्र त्या रात्री शिरा केला.

लगेच गुण आला का? नाही. ८ सप्टेंबर २०२४, हंगामाचा पहिला सामना, आणि आमच्या ओळखीच्यांकडे दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन. वर आरती, खाली बेसमेंटमध्ये टीव्हीचा आवाज बंद करून सगळे पुरुष आणि मी. यंगचा पहिलाच पास इंटरसेप्ट. कोणीतरी हातातला मोदक तसाच ताटलीत ठेवला. शेवटी ४७-१० ने हरलो. घागरीतलं पाणी मूर्तीवर सोडताना एकजण म्हणाला, "बाप्पा, पुढच्या वर्षी लवकर या, येताना क्वार्टरबॅक घेऊन या." पुढच्या रविवारी २६-३ ने हरलो आणि सोमवारी कनालेसने यंगला बसवून अँडी डाल्टनला उभं केलं. डाल्टनने पहिल्याच सामन्यात ३१९ यार्ड, तीन टचडाउन आणि विजय. ग्रुपवर पेढे.

मग डाल्टन ओळीने चार सामने हरला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला, अंगठा दुखावला, आणि यंग परत मैदानात आला. लक्षात घ्या, कुणी "आता हा तयार झाला" म्हणून आणला नाही, पर्याय उरला नाही म्हणून आणला. डेन्व्हरला हरला, नंतर न्यू ऑर्लिन्सला एका गुणाने हरवलं, म्यूनिकमध्ये जायंट्सना अतिरिक्त वेळेत हरवलं, कॅन्सस सिटीशी शेवटपर्यंत झुंजला, आणि हंगाम संपवला अटलांटाविरुद्ध ४४-३८ ने जिंकून. त्या वर्षी आमच्या बचावाने ५३४ गुण दिले, लीगच्या इतिहासात एका हंगामात कोणीच एवढे दिले नव्हते. त्याचं खापरही काही जणांनी यंगच्या डोक्यावर फोडलं, ते सोडून देते.

अण्णांचा लाडका सिद्धांत असा की बाकावर बसवलं म्हणून तो सुधारला. "छडी लागे छमछम" वगैरे. मला हे पटत नाही. पाच सामने बाहेरून बघून डोळे निवळले असतील, ते मी नाकारत नाही. पण बाकावरून उठल्यावर त्याच्यापुढे २०२३ ची फळी असती तर? ६२ सॅकवरून तो २९ वर आला. थोडे कमी सामने खेळला हे धरूनही फरक उघड आहे. बाकावर सगळेच बसतात, झॅक विल्सनलाही न्यू यॉर्क जेट्सने पुन्हा पुन्हा बसवलं होतं. तो कुठे सुधारला?

आता २०२५. इथे विरोधी गटाकडे खरा मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. हंट दुसऱ्याच सामन्यात दंडाच्या दुखापतीने गेला आणि जवळपास अख्खा हंगाम बाहेर राहिला. तरी आम्ही डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आमचा चार टीमचा गट, जिंकलो. मग तुझ्या गार्डांचं काय, असं मला विचारलं गेलं. उत्तर असं, की तोवर रिको डाउडल चेंडू घेऊन पळत होता. मायामीविरुद्ध २०६ यार्ड एका सामन्यात. पळणाऱ्याची धास्ती असली की बचाव क्वार्टरबॅकवर तुटून पडायला कचरतो. आणि हो, तोवर यंग स्वतःही शिकला होता. सुरुवातीला चेंडू कवटाळून बसायचा, आता वेळेवर सोडतो.

पण रोज नाही! नोव्हेंबरचे तीन आठवडे आठवा. घरच्या मैदानावर न्यू ऑर्लिन्सविरुद्ध १२४ यार्ड, ७-१७ ने पराभव, ग्रुपवर श्राद्ध. पुढच्या रविवारी अटलांटात ४४८ यार्ड, क्लबच्या इतिहासातला विक्रम, कॅम न्यूटनलाही मागे टाकलं, ग्रुपवर दिवाळी. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोत ९-२० ने पराभव, पुन्हा श्राद्ध. माणूस एकच आणि वीस दिवसांत तीन मतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर त्याचा हात मध्यम आहे, लांबचा फेक कधी कधी तरंगतो, आणि सामना सुरळीत चालू असताना तो का कोण जाणे झोपतो. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र तो जेवढा शांत असतो तेवढे शांत फार थोडे असतात. तो महान नाही. चांगला आहे.

डिव्हिजन जिंकलो म्हणजे कशी, तेही सांगायला हवं. शनिवारी टँपाबेकडून १६-१४ ने हरलो. ८ विजय, ९ पराभव. मग रविवारी अटलांटाने न्यू ऑर्लिन्सला हरवलं तरच आम्ही आत. आयुष्यभर ज्यांना शिव्या घातल्या त्या अटलांटासाठी पँथर्सची जर्सी घालून लोक देव पाण्यात ठेवून बसले होते. जिंकले एकदाचे, १९-१७.

जे म्हणतात दुसरा शोधा, त्यांना एकच विचारते. २०२२ मध्ये आपल्या ड्रेसिंग रूममध्ये कोण होते? बेकर मेफिल्ड आणि सॅम डार्नल्ड. दोघेही एकाच वेळी. दोघांनाही आपण बिनकामाचे म्हणून जाऊ दिलं. २०२४ मध्ये मेफिल्डने टँपासाठी ४१ टचडाउन फेकले आणि डार्नल्डने मिनेसोटासाठी ३५, त्याच्या टीमने १४ सामने जिंकले. दुसरा शोधण्यात आपण फार पटाईत आहोत, ठेवायचं कसं तेवढं जमत नाही.

राहिला करार. पहिल्या फेरीच्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, पाचवं वर्ष क्लबच्या मर्जीवर. ते वर्ष घ्यावं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खरं भांडण त्यापुढचं आहे. बाकीचे क्वार्टरबॅक बघा, ब्रॉक पर्डीला वर्षाला ५.३ कोटी डॉलर मिळाले, ट्रेव्हर लॉरेन्सला ५.५, डॅक प्रेस्कॉटला ६. यंगला आत्ता याच्या आसपास दिले तर ते पैसे कुठून येणार? एकूण पगाराची मर्यादा सगळ्या क्लबना सारखीच, म्हणजे फळीतूनच येणार. म्हणून माझं म्हणणं, यंदा थांबा. यंगचा करार वर्षभर पुढे ढकला, हातातला पैसा फळीवर टाका, एक तरुण सेंटर आणा, राखीव गार्ड असे ठेवा की हंट पडला तरी कळू नये. अण्णा म्हणतात, "अगं, पुढच्या वर्षी तो चांगला खेळला तर आणखी महाग पडेल." पडू दे. चांगला खेळूनच महाग झाला तर टेपर साहेबांना परवडतं.