अक्षर सुंदर असल्याची शिक्षा

"तुम्ही स्त्रीवादाकडे कशा वळलात?" असे विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक अपेक्षा असते आणि तिचा मला आता मनस्वी संताप येतो. एखादा क्रूर बाप, एखादा छळणारा नवरा, निदान एखादी विनयभंगाची हकिगत तरी मी त्याच्या पदरात टाकावी, म्हणजे माझा इतक्या वर्षांचा अभ्यास ही एका दुखावलेल्या बाईची तक्रार ठरते आणि तो निश्चिंत मनाने घरी जायला मोकळा होतो. ज्वालामुखीच्या अभ्यासकाला कोणी विचारत नाही, की तुमचे घर लाव्हारसात जळाले होते का?

माझी सुरुवात बैठकीच्या इतिवृत्ताच्या वहीपासून झाली. विज्ञानाचा इतिहास शिकवायला मी विभागात रुजू झाले तेव्हा गुणवत्तेला लिंग नसते, असे मी छातीठोकपणे सांगत असे आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर बोलणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापिकांची मनातल्या मनात कीवही करत असे. (त्याची लाज मला आजही वाटते.) पहिल्याच बैठकीत ती वही माझ्यापुढे सरकवण्यात आली, "तुमचे अक्षर सुंदर आहे" असे सांगून. मी खूश झाले! पुढे दोन वर्षे मी लिहीत राहिले. मग एके दिवशी नव्या अभ्यासक्रमाचा एक प्रस्ताव मी मांडला, तो कोणी मनावर घेतला नाही, आणि तासाभराने एका सहकाऱ्याने तोच किंचित खर्जात मांडला तेव्हा तो एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात सूचकाचे नाव म्हणून मी माझे नाव लिहिले. विभागप्रमुखांनी ते खोडायला लावले. "त्यांनी मुद्दा नीट मांडला" हे कारण. मी खोडले आणि त्याचे नाव लिहिले, त्याच सुंदर अक्षरात.

मी वर्गात काय शिकवत होते, ते त्या रात्री मला पहिल्यांदा नीट उमगले. अणुविखंडनाचा भौतिक अर्थ लावणाऱ्या लिझ माइट्नर, आणि 1944चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या ओटो हान यांना. पल्सारचा, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदने पाठवणाऱ्या ताऱ्याचा, संकेत 1967 मध्ये पहिल्यांदा हेरणाऱ्या संशोधक विद्यार्थिनी जोसलिन बेल, आणि 1974चे नोबेल त्यांचे मार्गदर्शक ह्यूइश व त्यांच्यासोबत राइल यांना. हे सारे मी 'दुर्दैवी अपवाद' म्हणून सांगत आले होते. विज्ञानाच्या इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी 1993 मध्ये, स्त्रीच्या संशोधनाचे श्रेय पुरुषाच्या नावावर जाण्याच्या या प्रकाराला 'मटिल्डा परिणाम' असे नाव दिले होते, ते मी वाचलेलेही होते. परंतु नाव खोडणारा हात आपलाही असू शकतो, हे मला त्या वहीने शिकवले.

पुढची वाट अजिबात रोमहर्षक नाही. तक्रार समित्या, निवड समित्या, नियमांचे मसुदे आणि "मॅडम, एवढ्यातेवढ्याचे काय घेऊन बसलात" हे पालुपद. एवढेतेवढे? स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा 1979चा करार काढून पाहा. त्याचे पाचवे कलम स्त्री-पुरुषांच्या साचेबंद भूमिकांवर उभे असलेले रीतिरिवाज बदलण्याची जबाबदारी राज्यांवर टाकते. म्हणजे चहाचे कप कोण गोळा करणार आणि इतिवृत्त कोण लिहिणार, हे मी उगाच उकरून काढलेले नाही.

इतिवृत्त आळीपाळीने सर्वांनी लिहावे, असा ठराव करून घ्यायला मला सहा वर्षे लागली. तो मंजूर झाला आणि त्याचेही इतिवृत्त मीच लिहिले, कारण ज्यांची पाळी होती त्यांच्याजवळ पेन नव्हते. गेल्या आठवड्यातील बैठकीत त्यांनी पुन्हा पाळी चुकवली आणि हसत लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "तुम्हीच घ्या मॅडम, तुमचे अक्षर किती सुंदर आहे!"

लॅपटॉपवर.