कानाला सवय होत नाही, कान जातो

‘बाईकवर इअरप्लग घालणाऱ्यांनो सावधान!’ अशा मथळ्याचा आणि शेवटी ‘सर्व रायडर बांधवांपर्यंत पोहोचवा’ असं बजावणारा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. तो भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने नुकतेच आणलेले प्लग, म्हणजे आवाज अडवायला कानात घालायचे फोमचे तुकडे, ड्रॉवरमध्ये टाकून दिले. आता तो दर रविवारी पुणे-कोल्हापूर उघड्या कानांनी करणार. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे: प्लगमुळे हॉर्न ऐकू येत नाही आणि अपघात होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली चलन फाटतं. फुल फेस हेल्मेट असेल तर प्लगची गरजच नाही. वाऱ्याच्या आवाजाची कानाला महिन्याभरात सवय होते. फारच त्रास झाला तर तेलात भिजवलेला कापसाचा बोळा घालावा. आणि प्लगने कानाच्या पडद्यावर दाब येऊन चक्कर येते.

सगळ्यात आधी ‘सवय’ घेऊ, कारण इतर मुद्दे नुसते चूक आहेत, हा मुद्दा माणसाला बहिरं करणारा आहे.

लांबच्या राइडनंतर हेल्मेट काढलं की कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, आत बारीक शिट्टी वाजत राहते, समोरचा बोलतो ते गादीखालून आल्यासारखं येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटतं. पुढे काही महिन्यांनी हा त्रास कमी जाणवायला लागतो आणि मंडळी म्हणतात, सवय झाली. झालेलं एवढंच असतं की ज्या पेशींनी तक्रार करायची त्या मेल्या. आतल्या शंखाकृती भागात प्रत्येक कानाला साधारण १५ ते १६ हजार केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. जन्मताना मिळतात तेवढ्याच. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मोडतात, आणि मोडलेली पेशी पुन्हा उगवत नाही. तळहाताला घट्टे पडतात तसं कानाचं होत नाही.

अर्धसत्य एवढंच, की मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक बारीक स्नायू आवळला जातो आणि खालच्या पट्टीचा आवाज थोडा रोखला जातो. पण तो स्नायू सलग आवाजात दमतो. तीन तासांच्या वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही.

नुकसान सुरू कुठून होतं तेही बघा. ऑडिओमेट्रीच्या (ऐकण्याच्या तपासणीच्या) आलेखात पहिला खड्डा पडतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे इंजिनाचा ठोका, ट्रकची घरघर, स्वतःचा आवाज सगळं पूर्वीसारखं ऐकू येतं. जातात ती ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ अशी हलकी व्यंजनं. बिल साठ रुपये म्हटलं की आठ ऐकू येतं. माणसाला वाटतं, हल्ली सगळे पुटपुटतात. त्याचा कान बिघडलाय हे घरच्यांना त्याच्या आधी कळतं, कारण टीव्हीचा आवाज तेच सहन करत असतात.

आता आकडे. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेची मर्यादा सरळ आहे: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात मोटरसायकलस्वारांच्या हेल्मेटच्या आत, कानाशी मोजलेला वाऱ्याचा आवाज ताशी ६० किलोमीटरला साधारण ९० डेसिबल आणि १६० ला ११० च्या घरात निघाला. आपण १६० सोडून देऊ. ८० च्या वेगाला मधला आकडा ९५ च्या आसपास येतो. म्हणजे पाऊण तासात दिवसाचा कोटा संपला. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. त्यातले तीन तास जरी त्या वेगाने गेले तरी एका बाजूच्या प्रवासात चार दिवसांचा आवाज कानात भरला. संध्याकाळी परतायचं असतंच.

‘माझ्या गाडीचा सायलेन्सर कंपनीचाच आहे’ हे यावर उत्तर नाही. साठ-पासष्टच्या पुढे गेलं की हेल्मेटवर आपटणारा वारा इंजिनापेक्षा मोठा होतो. इलेक्ट्रिक गाडीवरही तेवढाच.

यातूनच हेल्मेटचा मुद्दा निकाली निघतो. हेल्मेट डोकं वाचवतं, त्यासाठीच ते असतं. उंच पट्टीचा आवाज ते थोडा अडवतं, पण वाऱ्याची ती खालच्या पट्टीची गुरगुर ते अडवत नाही, उलट बऱ्याच अंशी तीच तयार करतं. ब्रिटनमधल्या बाथ इथल्या संशोधकांनी २०११ च्या सुमाराला वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं तेव्हा हेल्मेटच्या हनुवटीपुढच्या कठीण भागाखालची फट हा आवाजाचा मोठा उगम निघाला. त्यामुळे गळ्याभोवती बफ किंवा मफलर नीट खोचून ती फट बंद केली तर फरक पडतो. विंडशील्डची वरची कड हनुवटीच्या रेषेत असेल तर फाटलेला वारा नेमका हेल्मेटवर आदळतो. अशी शील्ड थोडी खाली घ्या किंवा काढून बघा. अनेकदा शील्डशिवाय गाडी शांत वाटते. पण हे सगळं करूनही ९५ चे ८० होत नाहीत. त्याला प्लगच लागतो.

हॉर्नचं काय? हाच मुद्दा लोकांना पटतो, म्हणून नीट पाहू. ऐकू येणं हे हॉर्न किती मोठा यावर ठरत नाही, हॉर्न आजूबाजूच्या कल्लोळाच्या किती वर आहे यावर ठरतं. प्लग दोन्ही खाली आणतो. वारा ९५ वरून ८० ला आला तर मागच्या ट्रकचा हॉर्नही साधारण तेवढाच उतरतो आणि दोघांमधलं अंतर तसंच राहतं. शिवाय ९५ च्या वर कान स्वतःच गुदमरलेला असतो, आवाज एकमेकांत मिसळतात. त्यातून बाहेर काढला की हॉर्न उलट जास्त स्पष्ट लागतो. आणि दोन तास उघड्या कानांनी चालवून तात्पुरता बधिर झालेला माणूस तिसऱ्या तासाला हॉर्न किती ऐकतो, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. लक्ष्मी रोडला वीसच्या वेगाने सरकताना आजूबाजूचा आवाज मुळातच कमी असतो. तिथे जाड फोमचा प्लग रिक्षाची चाहूल, सायकलची घंटी, मागून आलेली हाक हे गिळून टाकू शकतो. ज्याला आधीपासून कमी ऐकू येतं त्याच्या बाबतीत तर नक्कीच. तेव्हा गावातल्या फेरीला प्लग नको, हायवेला लागताना पेट्रोल पंपावर घाला. ज्यांना सतत काढ-घाल नको त्यांनी फिल्टर असलेले सिलिकॉनचे प्लग घ्यावेत. ते आवाज कमी करतात पण बोलणं बऱ्यापैकी शाबूत ठेवतात. ‘एकाच कानात घाला, दुसऱ्याने ऐका’ ही युक्ती मात्र करू नका. आवाज कुठल्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांच्या तुलनेतून ठरवतो. एक बंद केला की हॉर्न ऐकू येईल, पण बाजू चुकेल.

तेलाचा बोळा. काय बोलावं! सुका कापूस कानात कोंबला तर जेमतेम ७ डेसिबल अडतात, कारण त्यातून हवा आरपार जाते. तेलात भिजवला की धूळ चिकटते, कानाची वाट ओली राहते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओला, बंद, गरम कान म्हणजे बुरशीला आयतं घर. खाज, मग ठणका, मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे कान साफ करून घ्यायच्या फेऱ्या. पडद्याला आधीच भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात. आजीने हिवाळ्यात कानाला कापूस लावला तो गार वाऱ्यासाठी. तिने ८० च्या वेगाने बुलेट चालवली नव्हती.

कलम १८४ हे धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीत त्यात हातात धरून वापरायच्या संपर्कसाधनांचा उल्लेख आला. फोमचा तुकडा कोणाशी संपर्क साधत नाही. मेसेजमधली ‘बंदी’ बहुधा कॅलिफोर्नियाहून उडत आली असावी. तिथल्या वाहन कायद्यात दोन्ही कानांत प्लग घालायला मनाई आहे खरी, पण त्याच कलमात घातक आवाज कमी करणाऱ्या, हॉर्न आणि सायरन ऐकू येऊ देणाऱ्या प्लगना सूट आहे. ते वाक्य कापून पुढे पाठवलं.

काही ग्रुपांवर याच मेसेजला ‘त्यापेक्षा इअरफोन लावा’ अशी पुरवणी जोडलेली आहे. वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवावा लागतो, म्हणजे ९५ च्या वर आणखी भर. पुढे काही सांगायला नको.

आता प्लग घालायचा कसा, कारण ‘मी घातला, काही फरक नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांचा प्लग अर्धा बाहेर लोंबत असतो. फोमचा साधा प्लग घ्या, दोरी नसलेला. दोरी हेल्मेटच्या गादीत अडकते आणि प्लग ओढून काढते. हात आणि कान कोरडे हवेत. बोटांत प्लग वळत वळत वातीसारखा बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका, सुरकुतीतून आवाज गळतो. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. कानाची वाट वाकडी असते, ती अशी सरळ होते. लगेच आत सरकवा आणि बोटाने २० ते ३० सेकंद धरून ठेवा, नाहीतर फुगताना तो बाहेर येतो. टोक बाहेर डोकावत असेल तर हेल्मेट घालताना गादी त्याला ढकलेल. तपासायला तळहात दोन्ही कानांवर घट्ट दाबा आणि सोडा: आवाजात मोठा फरक पडला तर प्लग नीट बसलेला नाही.

पाकिटावर २९ डेसिबल लिहिलेलं असतं ते प्रयोगशाळेतलं. त्यातून ७ वजा करून उरलेल्याचं अर्ध धरा, ११ येतं. उत्तम बसवला तर त्याहून जास्त. आपल्या ९५ ला तेवढंही ८४ वर आणतं, म्हणजे मर्यादेच्या आत. काढताना गोल फिरवत सावकाश काढा, झटका दिला तर आत पोकळी होऊन दुखतं. फोम मळला किंवा दाबल्यावर पुन्हा फुगेनासा झाला की टाकून द्या. तो काही रुपयांत मिळतो, धुऊन वर्षभर पुरवायची वस्तू नाही.

राहता राहिली चक्कर. कानाची वाट साधारण अडीच सेंटिमीटर, प्लग अर्धा ते पाऊण आत जातो. पडद्याला टेकत नाही. खंबाटकी किंवा कुंभार्ली उतरताना कान बंद झाल्यासारखे वाटतात ते प्लगशिवायही वाटतात. आवंढा गिळा, जबडा हलवा. एका बाबतीत मात्र चक्कर खरी ठरू शकते, ती म्हणजे मळ. कानात मळ साठलेला असेल तर प्लग त्याला आत ठोसतो, दडा बसतो आणि क्वचित गरगरतंही. अशांनी आधी डॉक्टरकडून कान साफ करून घ्यावा, काडीने किंवा किल्लीने नाही. आणि कान वाहत असेल, ठणकत असेल किंवा पडद्याला भोक असल्याचं सांगितलेलं असेल, तर बरं होईपर्यंत प्लग बंद आणि हायवेही बंद.