फेम्टोसेकंदाच्या आरशाने जळगावचं नेट लाखपट होणार नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: शास्त्रज्ञांनी फेम्टोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दहा लाखाव्या भागात) चालू-बंद होणारा आरसा बनवला, आता लवकरच घरोघरी नेट लाखपट वेगवान होणार, आणि त्याचं मटेरियल तुमच्या मोबाईलच्या स्क्रीनमध्येच आहे. प्रयोग खरा आहे. 2023 मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाने तो प्रसिद्ध केला. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत.

नेट लाखपट? फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जळगाव-मुंबई 420 किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन 4.2 मिलिसेकंद. स्विच कितीही चपळ असला तरी हा वेळ घटत नाही. व्हिडिओ अडकतो तो बहुतेकदा टॉवरवरच्या गर्दीने.

आरशाचं मटेरियल, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड, स्क्रीनमध्ये असतं, हे बरोबर. पण तिथे त्याने पारदर्शक राहून वीज वाहायची, एवढंच काम.

खरी मेख ‘चालू-बंद’मध्ये आहे. लेसरच्या स्पंदाने (प्रकाशाच्या अतिशय छोट्या झटक्याने) या मटेरियलच्या पातळ थरातले इलेक्ट्रॉन तापतात आणि आरसा काही फेम्टोसेकंदांत उजळतो, म्हणजे जास्त प्रकाश परतवतो. विझताना मात्र त्यांना उष्णता स्फटिकाला द्यावी लागते, त्यात काहीशे फेम्टोसेकंद जातात. शिवाय तीव्रता लागते दर चौरस सेंटीमीटरला शंभर गिगावॅटच्या घरात. 200 फेम्टोसेकंदांचा स्पंद 0.1 मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर टाकला, तर साधारण दीड मायक्रोज्यूल ऊर्जा खर्च होते. ऐकायला किरकोळ वाटते. पण सेकंदाला एक अब्ज वेळा स्विच करायचं म्हटलं, तर त्याच ठिपक्यावर दीड हजार वॅट! पाणी तापवायच्या रॉडची सगळी ताकद सुईच्या टोकावर. 40 नॅनोमीटरचा थर तिथे टिकणार नाही. मोबाईलची बॅटरी तर विसराच.

‘लवकरच घरोघरी’ म्हणणाऱ्यांनी मोजणीही पाहावी. इतकी जलद घटना कुठलाही इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर थेट टिपत नाही. एक स्पंद थर तापवतो, दुसरा उशिराने येऊन तपासतो. हा उशीर स्पंदाच्या वाटेतला एक वेगळा, साधा आरसा सरकवून साधतात: तो दीड मायक्रोमीटर मागे घेतला की 10 फेम्टोसेकंद. आता 30 सेंटीमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी एका अंशाने तापली तर सुमारे 7 मायक्रोमीटर वाढते. हा साधा आरसा तिच्या टोकावर असेल तर 46 फेम्टोसेकंदांची चूक, म्हणजे थर उजळायला जो वेळ लागतो त्याच्याहून मोठी. मे महिन्यात पारा 43-44 वर जाणाऱ्या खानदेशात हे यंत्र चालवायचं, तर खोलीचं तापमान दिवसरात्र अंशाच्या काही दशांशांत बांधून ठेवावं लागेल.