टिळकांची कविता आटली नव्हती

माझ्या मावशींनी परवा एक लांबलचक संदेश पुढे धाडला आणि खाली विचारले, 'हे खरे का रे?' ख्रिस्ती झाला की मराठी कलावंत संपतो, असा त्यातला दावा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांची प्रतिभा 1895 च्या बाप्तिस्म्यानंतर आटली, ख्रिस्ती मराठी लेखन म्हणजे नुसती मिशनरी भाषांतरे आणि हा धर्म देशी कलारूपांना थारा देत नाही, हे त्याचे पुरावे.

टिळकांबद्दलचे विधान तर धडधडीत खोटे आहे. बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षे, म्हणजे 1919 मध्ये देह ठेवीपर्यंत, ते लिहीत होते. त्यांची भजने मराठी चर्चांमधून आजही गायली जातात. प्रतिभा आटलेल्या माणसाच्या नगरच्या घरी बालकवी ठोंबरे कशाला राहायला गेले असते? टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि ते 1938 मध्ये प्रसिद्ध झाले. हा संदेश लिहिणाऱ्याने लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' चाळली असती, तरी पुरे होते. नवरा ख्रिस्ती झाल्यावर वेगळ्या राहिलेल्या, सोवळेओवळे कसोशीने पाळणाऱ्या या बाईंनी 1900 मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी आपल्या जुन्या सोवळ्याची, टिळकांच्या लहरीपणाची, घरातले पैसे वाटून टाकण्याच्या त्यांच्या सवयीची अशी मिस्कील, निर्भीड हकीकत लिहिली की तिच्या तोडीचे आत्मचरित्र मराठीत शोधावे लागते. हे कोणत्या मिशनऱ्याचे भाषांतर म्हणायचे?

भाषांतरांचा मुद्दा अर्धा खरा आहे. मिशनच्या छापखान्यांतून रुक्ष पत्रके ढिगाने निघाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 1857 मध्ये विधवांच्या दुःखावर 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिणारे बाबा पद्मनजीही ख्रिस्तीच होते.

राहिली देशी रूपे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओवीतच रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ 1616 मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापला गेला. पुढे त्याच गोव्यात 1684 च्या पोर्तुगीज फर्मानाने लोकभाषेची गळचेपी केली, हेही खरे. मात्र तो सत्तेचा हुकूम होता आणि त्याचे खापर श्रद्धेवर फोडता येत नाही. अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकलेल्या चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी आपल्या चित्रांत येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली, तेव्हा गोव्यातल्या चर्चमधूनच त्यांच्यावर टीका झाली. त्यांनी गोवा सोडला, श्रद्धा सोडली नाही; पुण्याच्या ख्रिस्ती आश्रमात राहून ते तशीच मरिया रंगवत राहिले.