एक एकर, एक गाय, शून्य खर्च

‘फ्लॅट विका, कोकणात एक एकर घ्या. भात, भाजी, एक देशी गाय, एक विहीर. चौघांचं घर शून्य खर्चात चालतं. आपले आजोबा असेच जगले.’ पावसाळा तोंडावर आला की हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. त्यातलं एकेक वाक्य तपासू.

आधी भात. चौघांना रोज सव्वा किलो तांदूळ धरला तर वर्षाला साडेचारशे किलोच्या वर लागतो. 100 किलो भात गिरणीतून 65 किलोच्या आसपास तांदूळ होऊन येतं, म्हणजे 700 किलो भात पिकायला हवं. गुंठ्याला 30-35 किलो धरलं तर 20 ते 23 गुंठे नुसत्या भाताला गेले. तेही पाणी धरणाऱ्या मळ्याचे. कातळावर भात होत नाही, आणि स्वस्तात मिळणाऱ्या एकरात कातळ नि वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीनच जास्त असते.

खरी गोम लावणीत आहे. रोपं 21 ते 25 दिवसांची झाली की लावावीच लागतात. सवयीचे हात असले तर 20 गुंठ्यांना आठ-दहा माणसांचा एक दिवस पुरतो. नवशिक्या जोडप्याला आठवडा सहज लागेल, कमरेचं काय होईल ते वेगळंच. मध्ये पावसाने दडी मारली तर चिखल आवळतो, लावणी लांबते, रोप जून होतं. जून रोपाला फुटवे कमी येतात, फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. पूर्वी सावड होती, आज तुझ्या शेतात तर उद्या माझ्या. आता वाडीत वाकू शकणारी माणसंच थोडी, म्हणून मजुरी रोख. चिखलणीचा पॉवर टिलर तासावर, तोही रोख. एवढं करून लोंबी भरली की रानडुकरं येतात.

गाय. कोकण कपिला काटक खरी, पण दूध दिवसाला दोन-अडीच लिटर, तेही व्यायल्यानंतर काही महिनेच. पुढचं दूध हवं तर ती पुन्हा गाभण राहायला हवी. गाय माजावर, म्हणजे फळायला, साधारण 21 दिवसांनी येते आणि माज दिवसभरात ओसरतो. नजर चुकली की तीन आठवडे गेले. गाभणपण नऊ महिन्यांचं, शेवटचे दोन महिने दूध आटवायचं. नुसत्या पेंढ्यावर दूध टिकत नाही, कारण त्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. पेंड विकत आणावी लागते. आणि पाडा झाला तर? 2015 पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे नांगराला न लागणारा बैल दावणीलाच राहतो.

विहिरीचं थोडक्यात. वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस पडूनही जांभ्यातून पाणी निसटतं. जागा बघायची तर मेच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन विहिरीत दोर सोडून बघा. ऑगस्टात सगळ्याच विहिरी काठोकाठ.

शून्य खर्च? तेल, मीठ, डाळ, साखर, कपडे, औषधं, शाळा यांतलं काहीच त्या एकरात उगवत नाही. भाताबाहेरच्या 15 गुंठ्यांत सात मीटरवर काजूची 30 कलमं बसतील, पण भरीचं पीक सातव्या-आठव्या वर्षी. तोवर भागवायचं कशावर, यावर मेसेज गप्प आहे.

‘आजोबा असेच जगले’ याचा तर सगळ्यात राग येतो. आजोबा मुंबईच्या गिरणगावात कापडगिरणीच्या साच्यावर उभे होते. लावणी, झोडणी, गुरं आजीने पाहिली, आणि घराचा रोख खर्च मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालला. 1982 च्या गिरणी संपात ती मनीऑर्डर बंद झाली तेव्हा कोकणातल्या घरांचं काय झालं, ते गावात कुणालाही विचारा.

राहता राहिला ‘घ्या’ हा शब्द. कूळकायद्याच्या कलम 63 मुळे, शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. तुम्ही शेतकरी असलात तरी समोरचा सातबारा सामाईक असतो. वीस-बावीस नावं, निम्मी मुंबईत, दोन-चार वारलेली, त्यांच्या वारसांची नोंद राहिलेली. पोटहिस्सा मोजून फोडलेला नसेल तर ठरावीक तुकडा घ्यायला प्रत्येकाची सही हवी. आणि त्यांतल्या दोघा-तिघांना तरी हाच मेसेज आलेला असतो.