नासाने सूर्याचा ॐकार रेकॉर्ड केलेला नाही

‘सूर्यातून ॐ ऐकू येतो, नासाने सिद्ध केलं’ हा विज्ञानाचा मुलामा दिलेल्या आध्यात्मिक कार्यक्रमांना शोभणारा दावा खरा नाही. अवकाशाच्या पोकळीतून आवाज आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, मग रेकॉर्ड काय करणार? नासा आणि युरोपीय अवकाश संस्थेने सूर्याच्या अभ्यासासाठी १९९५ मध्ये सोडलेल्या ‘सोहो’ यानाने टिपली ती सूर्यपृष्ठाची थरथर. साधारण ५ मिनिटांत एक हेलकावा. ४० दिवसांच्या या नोंदी सुमारे ४२,००० पट वेगवान केल्या, तेव्हा कुठे कानाला ऐकू येईल अशी गुणगुण तयार झाली. तिच्यात शब्द नाही. ‘ॐ ऐका’ असं आधीच बजावलं की पंख्याच्या घरघरीतही तो सापडतो! वेग वाढवल्याची गोष्ट मात्र दावा पसरवणारे सोयीने गाळतात.